सुपासमोरचा पाट

दिपिकाचं लग्न झालं, त्या सालची ही गोष्ट. विमानतळासाठी गाव उठलं, करंजाड्याला नवी घरं झाली आणि त्या नव्या घरांतलं ते पहिलं लग्न. दिपिकाच्या वडिलांच्या, भगवानच्या, भावकीत लोक अजून त्यावरूनच काळ सांगतात, हे दिपिकाच्या लग्नाआधीचं आणि ते नंतरचं.

त्याच साली वैशाखात, पत्रिका वाटायचं काम निम्मं झालेलं असताना, पनवेलच्या मुलांच्या दवाखान्यात फळ्यावर एक सूचना लागली. दिपिकाची आई, डॉक्टर मनिषा घरत, त्या दवाखान्यात नवजात बाळांच्या विभागाची प्रमुख होती. सकाळी वॉर्ड, दुपारी साड्यांचं दुकान, संध्याकाळी पुन्हा वॉर्ड. त्या महिन्यात तिला कुणी "कशा आहात?" विचारलं की ती म्हणायची, "उभी आहे."

सूचना नव्या प्रशासकांनी, धर्मराज नाईकांनी लावली होती. जे डॉक्टर नव्या डॉक्टरांना शिकवतात, त्यांना हाताला धरून घडवतात आणि लहान मुलांच्या आजारांवर स्वतःचा अभ्यास करतात, अशांचा यंदापासून डॉक्टर्स डेला, एक जुलैला, गौरव होणार होता. पहिल्या वर्षी एकच नाव निवडायचं होतं, आणि ते मनिषाच्या विभागातून, कारण शिकाऊ डॉक्टर सगळ्यांत जास्त तिथेच. ज्याचा गौरव होईल त्याला आठवड्यातला एक दिवस ओपीडीतून सुट्टी. तो दिवस फक्त शिकवण्याला आणि अभ्यासाला.

आजवर त्या दवाखान्यात डॉक्टरची किंमत व्हायची ती त्याने किती मुलं तपासली यावरून. कोण कुणाला शिकवतो हे वॉर्डातल्या भिंतींना माहीत. त्यामुळे सूचना वाचून मनिषाला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही असेल, पण थकलेल्या माणसाचा आनंद उशिरा पोचतो. तिच्या मनात आलं ते एवढंच, की आणखी एक गोष्ट ठरवायची आली.

"यात ठरवायचं काय, मॅडम?" वॉर्डच्या सिस्टर शोभाताई म्हणाल्या. "गुप्ते सर. दुसरं नाव कुणी घेऊन दाखवावं."

तेही खरंच होतं. डॉक्टर चारुदत्त गुप्ते. पनवेलपासून उरणपर्यंत जेवढे मुलांचे डॉक्टर बसले होते, त्यातले निम्मे सरांच्या हाताखालून गेलेले. सरांची शिकवायची रीत एकच. नवा डॉक्टर पाळण्यापाशी आला की सर म्हणत, "हात मागे." दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि नुसतं उभं राहायचं. बाळाला हात लावायचा नाही, मशीनकडे बघायचं नाही, फाईल उघडायची नाही. बाळ श्वास कसा घेतंय, पाय हलवतंय की नाही, त्याची आई कुठे बघतेय, एवढंच बघायचं. मग सर विचारत, "काय दिसलं?" कुणी "काही नाही, सर" म्हटलं की पुन्हा हात मागे. मोठमोठ्या कॉलेजांतून आलेली मुलं तिथे शाळेतल्या पोरांसारखी उभी राहत आणि मनात सरांना शिव्या देत. नंतर स्वतःचे दवाखाने काढल्यावर तीच मुलं आपल्या हाताखालच्यांना म्हणत, "हात मागे."

मनिषा जासईच्या मिठागरवाल्यांची पोर. ती शिकायला आली तेव्हा तिच्या तोंडात "हाय" आणि "नाय" होतं, आणि बरोबरचे डॉक्टर तिच्या बोलण्याची नक्कल करून हसायचे. एकदा सरांनी ते ऐकलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून गावाकडची बाई बाळ घेऊन आली की आधी हिने बोलायचं. बाकीच्यांनी हात मागे बांधून ऐकायचं." आठवडाभरात हसणं थांबलं. ज्या आया शहरी डॉक्टरांपुढे नुसती मान हलवायच्या, त्या मनिषापुढे घरातली सगळी हकिगत सांगायला लागल्या आणि बाकीचे कान देऊन उभे राहायला लागले. मनिषा पुढे शुद्ध बोलायला शिकली, पण लाज म्हणून नाही. एवढं मोठं देणं होतं तिच्यावर.

सरांना मात्र आयुष्यात कसला मान मिळाला नाही. ते पगारी नव्हते, मानद होते. अभ्यास त्यांनी पुष्कळ सुचवले, पण छापायची वेळ आली की म्हणत, "ज्याने केलं त्याचं नाव." आपलं नाव घालू देत नसत. त्यांच्या घरी दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं. त्यात होते ते सगळे चषक त्यांच्या बायकोचे, रांगोळीच्या स्पर्धेतले.

आता सरांची मूत्रपिंडं गेली होती. दिवसाआड डायलिसिस चालू होतं. दवाखान्यात येणं बंद झालं होतं.

शोभाताईंनी सूचना वाचली त्याच दुपारी सरांना फोन केला आणि अभिनंदन करून टाकलं. त्यांचा स्वभावच तसा, बाळाचा पहिला श्वास नीट लागायच्या आधी त्या पेढ्यांचं बोलायच्या. संध्याकाळपर्यंत जुन्या विद्यार्थ्यांचे फोन झाले. रात्री वॉर्डाच्या व्हॉट्सॲपवर सरांचा फोटो हार घालून फिरला. ज्याचं नाव अजून कुणी पाठवलंच नव्हतं, त्याचा गौरव होऊन गेला.

*

मनिषा पत्रिका द्यायला लाईन आळीत सरांच्या घरी गेली, तेव्हा टपाल नाक्यावरचा शिंपी सरांच्या कमरेला टेप लावून उभा होता.

"ये, ये, वधूमाय आली!" सर म्हणाले. "बघ, सफारी शिवतोय. राखाडी. तुझ्या मुलीच्या लग्नात घालणार नाही हं, सांगून ठेवतो. ती एक तारखेसाठी."

"सैल ठेवू का, सर?" शिंप्याने विचारलं.

"ठेव थोडी. अंगावर सूज येते मधूनच."

"आणखी सैल ठेवली तर आत दोघं मावतील."

"मग तूही ये स्टेजवर."

सरांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणत, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सरांसाठी नव्हे, त्यांना पाणी मोजून. "चाळीस वर्षं माझ्या चषकांवर जळतायत," त्या मनिषाला म्हणाल्या. "एकदा मिळू दे बाई यांना काहीतरी. कपाटात वरचा खण मी रिकामा करून ठेवलाय."

शिंपी गेल्यावर सर खुर्चीत टेकले. एवढ्या उभं राहण्यानेही त्यांना दम लागला होता.

"मनिषा, नाव तूच पाठवणार ना?"

"हो, सर."

"मग झालं." ते खुर्चीत सावरून बसले. "मी कधी मागितलं नाही. पण मिळालं तर नको म्हणणार नाही. या वयात खोटं कशाला बोलू?"

मनिषाने पत्रिकेला कुंकू लावून ती त्यांच्या हातात दिली आणि वाकून पाया पडली. पायांवर सूज होती. बोटाने दाबलं असतं तर खळगा पडला असता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात शिरली तेव्हा डॉक्टर प्राची तांडेलचा राउंड चालू होता. प्राची उरणच्या करंजा कोळीवाड्यातली. याच वॉर्डात शिकून याच वॉर्डात राहिलेली. वय तिशी उलटून थोडं पुढे. तिच्यासमोर चार शिकाऊ डॉक्टर हात मागे बांधून उभे होते आणि पाळण्यात वीटभट्टीवरून आलेलं कातकऱ्यांचं बाळ होतं.

"काय दिसलं?" प्राचीने विचारलं.

"बाळ शांत झोपलंय, मॅडम."

"शांत झोपलंय, की रडायला जोर नाही? आपल्या घरचं बाळ इतकं शांत झोपलं असतं तर चहा पीत बसला असतास का?"

पोरगा वरमला. प्राचीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता हात पुढे. पाय चाचप. गार आहेत ना? हे भट्टीवर कुडाच्या झोपडीत जन्मलं. आई पहाटेपासून विटा थापते, बाळ फडक्यात खाली ठेवते. ते खालून गार होत जातं आणि कुणाला कळत नाही." मग ती खाली बसली आणि बाळाच्या आईने लुगड्याच्या पदराने ते बाळ छातीशी कसं बांधायचं, ते त्या चौघांना तिच्याकडूनच बघायला लावलं.

हा प्राचीचा अभ्यास होता. छातीशी बांधलेली बाळं भट्टीवर परत गेल्यावरही तशीच बांधली जातात का, आणि त्याने ती जगतात का, हे ती रविवारी स्कूटीवरून भट्ट्या-भट्ट्यांवर जाऊन बघायची. सुट्टीचा एकच दिवस, तो तिथे जायचा. मागचे कितीतरी रविवार ती गेली नव्हती. कारण मनिषाला ठाऊक होतं. ती त्या रविवारी झोपायची.

राउंड संपल्यावर प्राची म्हणाली, "मॅडम, जरा बोलायचं होतं."

दोघी जिन्याच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. प्राचीने सांगितलं की नवी मुंबईतल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलातून बोलावणं आलंय. तिथे शिकवणं नाही, भट्ट्या नाहीत. पेशंट बघायचे आणि वेळेवर घरी यायचं. जूनअखेर कळवायचंय.

"जाणार?"

"जावंसं वाटत नाही. पण इथे ओपीडी संपवून शिकवायचं, शिकवून झाल्यावर अभ्यास, आणि वरच्या मजल्यावर विचारतात, तुमची ओपीडी कमी का झाली? मी थकले, मॅडम."

"मी पण थकलेय गं."

"तेच तर," प्राची म्हणाली. "तुम्ही थकून इथेच राहिलात. ते बघूनच मला भीती वाटते."

मनिषा जिन्याच्या कठड्याला टेकली. प्राचीलाच वाईट वाटलं. "आणि हे गौरवाचं बघून बोलले असं समजू नका. तो सरांनाच मिळायला हवा. मी स्वतः टाळ्या वाजवीन आणि मगच जाईन."

मनिषा त्या दुपारी धर्मराज नाईकांकडे गेली. दोन नावं चालतील का, विचारलं. नाईक माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या टेबलावरच्या घड्याळाचं तोंड समोर बसणाऱ्याकडे नव्हतं, त्यांच्याकडे होतं.

"मॅडम, दोघांना दिवस मोकळा दिला तर ओपीडी कोण बघणार? विश्वस्तांना एका नावासाठी तयार करता करता माझी पुरेवाट झाली. आणि गुप्ते सर आता तो दिवस घेणार कसे?"

"मग सरांना दिवस नको. नुसता मान द्या."

"नुसता मान आपण देतोच की. तोंडभर. आजवर तेच केलं, म्हणून तर ही वेळ आली." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पुढच्या वर्षी बघू. नक्की बघू. सध्या तुम्ही एक नाव द्या. मुलीचं लग्न उरकून आलात की द्या, घाई नाही."

पुढच्या वर्षी. मनिषाने सरांचे रक्ताचे रिपोर्ट पाहिले होते. पुढचं वर्ष त्यांत दिसत नव्हतं.

*

लग्न दोन दिवसांवर आलं तरी तिने नाव ठरवलं नव्हतं. भगवान म्हणाला, "अगं, तुझं लक्ष कुठाय? केटररला तू वांग्याऐवजी व्हेंटिलेटर म्हणालीस." सगळे हसले. तीही हसली.

मांडवाच्या दिवशी सकाळी तिची आई भागी जासईहून आली. भागी म्हणजे त्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात देवाब्राह्मणाच्या आधी धवलारणीचा आवाज लागतो. ती धवले गाते, देवांना मांडवात बोलावते, आणि तिच्यामागे बसलेल्या बाया तिच्या ओळीची झील धरतात. पुढे गाणारीच्या समोर तांदळाचं सूप असतं आणि सुपासमोर तिचा पाट. त्या पाटावर एकीनेच बसायचं. भागी तिथे बसायला लागली तेव्हा मनिषा पाळण्यात होती.

भागीच्या मागे झील धरणारी मालू होती. गळा गोड, गाणी सगळी पाठ, पण तिला पुढे कुणी बोलावलं नव्हतं. भागी असताना मालू कशाला, असं लोक म्हणत. भागीचा आवाज आता फाटला होता, तरी म्हणत.

बायांनी पाट पुसला. "बस गो, भागीआय," कुणीतरी म्हणालं. सातआठ गावच्या बाया मांडवात बसल्या होत्या. भागीने पदर खोचला, पाटापाशी आली, आणि मालूचं मनगट धरून तिला खाली ओढलं.

"आये, मी नाय बसायची!" मालू घाबरली. "तुजी नात हाय."

"बस. उठलीस तं टांग मोरीन."

"नातीच्या लग्नाला दुसरी धवलारीण?" मागून एक बाई बोलली. "म्हातारीचं डोस्कं फिरलं."

"फिरलं तं फिरलं. तू झील धर," भागी म्हणाली आणि मालूच्या मागे मांडी घालून बसली.

मालूची पहिली ओळ कापत आली. दुसऱ्या कडव्याला चाल चुकली. भागीने मागून आपल्या फाटक्या आवाजात झील अशी ताणून धरली, की मालूला चाल सापडायला जागा मिळाली. मग मात्र मालूचा आवाज वर चढला आणि बाया डोलायला लागल्या. दिपिका हळदीच्या अंगाने नवरीच्या पाटावर बसली होती, तिने आजीकडे बघितलं. आजी जमिनीकडे बघत होती.

विधी आटोपल्यावर मनिषाने आईला मागच्या अंगणात गाठलं. भागी पाण्याच्या पिंपापाशी चूळ भरत होती.

"आये, तुला बसायचं नव्हतं?"

"नव्हतं कसं? दिपी जन्मली तवापासून बसायचं होतं."

"मग?"

"माझा गला आता एका लग्नापुरता उरलाय. मी बसली असती तं आजचं लगीन पार परलं असतं. उद्याचं कोन करील? मी जित्ती हाय तवर मालूला कुनी बोलवनार नाय, आनि मी मेल्यावर बोलतील, धवलारीनच नाय, लावा बेंजो. आज समद्यांनी बघितलं, भागीने सोताच्या नातीला मालू बसवली. आता तिला नाय बोलायला तोंड हाय का कुनाला?"

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना! चाल चुकली तवा तं असं वाटलं, हिला झिंज्या धरून उठवावी आनि आपनच बसावं." भागीने पदराने तोंड पुसलं. पुसायला जरा जास्तच वेळ लागला. "तू कशाला इचारतेस?"

"काही नाही."

"काय नाय बोलतेस तवा कायतरी असतं. जा, व्याही आलं. तोंड धू आधी."

मनिषा गेली. पण आईचं बोलणं तिच्याबरोबर आलं. मुंडावळ्या बांधताना, मंगलाष्टकांत, पंगतीत वाढताना ते डोक्यात फिरत राहिलं. आणि त्यातलं एक टोचतही राहिलं. आईने स्वतःचा पाट दिला होता. मनिषाला द्यायचा होता तो दुसऱ्याचा.

दिपिकाची पाठवणी झाल्यानंतरच्या सोमवारी तिने धर्मराज नाईकांना नाव कळवलं. डॉक्टर प्राची तांडेल.

*

सरांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून ती तिथून थेट लाईन आळीत गेली. सफारी शिवून आली होती. दाराच्या मागे हँगरला टांगलेली होती.

तिने सगळं सांगितलं. एकच नाव, मोकळा दिवस, प्राचीचं बोलावणं. मांडवातलंही सांगितलं, आईचं आणि मालूचं. सांगताना तिला वाटलं की आपण फार बोलतोय, पण थांबता आलं नाही.

सर ऐकत राहिले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"तुझी आई मोठी बाई आहे," सर म्हणाले. "पण तिने आपला पाट दिला. तू माझा दिलास."

"हो, सर."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर दिला असतात?"

बाहेर गाडीवरचा भाजीवाला ओरडत गेला. सर त्या सफारीकडे बघत होते.

"नसता दिला," ते म्हणाले. मग म्हणाले, "जा आता. मला पडायचंय."

पाया पडायला ती वाकली तर त्यांनी पाय आखडून घेतले. तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं.

वॉर्डात शोभाताईंनी चार दिवस तिच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाने फोन करून विचारलं, "मॅडम, सरांशी असं? तुम्ही?" सगळ्यांत जास्त प्राची चिडली.

"मी नको म्हणून कळवते. मी सरांच्या तोंडाकडे कशी बघू आता?"

"हात मागे बांधून बघ," मनिषा म्हणाली. "दिसेल काय ते. पण नको म्हणालीस तर तो दिवस जातो. तुझा नाही, वॉर्डाचा. पुढच्या पोरांना कोण शिकवणार? मी? मला दुपारनंतर पाळण्यावरचं नाव वाचता येत नाही, डोळे मिटतात."

प्राची तशीच राउंडला गेली. मग तिने नवी मुंबईच्या हॉस्पिटलला येत नाही म्हणून कळवलं. थँक्यू वगैरे काही म्हणाली नाही. मनिषाला तेच बरं वाटलं.

एक जुलैला फडके नाट्यगृहात समारंभ झाला. पाऊस कोसळत होता, तरी माणसं जमली. धर्मराज नाईकांनी भाषणात शिकवण्याचं महत्त्व सांगितलं, आणि ते सांगताना त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. प्राचीला शाल दिली, मानपत्र दिलं. पहिल्या रांगेत सरांसाठी राखलेली खुर्ची रिकामी होती. शेजारी काकू बसल्या होत्या.

"बरं नाही का सरांना?" मनिषाने हळूच विचारलं.

"पोट बिघडलंय म्हणून सांग म्हणाले." काकूंनी समोर बघतच सांगितलं. "काही बिघडलेलं नाही. सफारी घालून सोफ्यावर बसलेत."

समारंभ संपल्यावर प्राची शाल काखेत मारून चारही शिकाऊ डॉक्टरांना घेऊन तशीच भिजत सरांच्या घरी गेली. मनिषा गेली नाही. तिच्यात तेवढं बळ नव्हतं, आणि आपण तिथे असू नये असंही तिला वाटलं. पुढचं तिला काकूंनी सांगितलं.

सर सोफ्यावरून उठले नाहीत. पाचही जण दारात निथळत उभे. सर म्हणाले, "आलात तर नुसते उभे राहू नका. हात मागे." पाचही जणांनी हात मागे बांधले. प्राचीने शाल खाली पडू दिली. "काय दिसतं?" सरांनी विचारलं.

"पायावर सूज, सर," एक जण म्हणाला.

"श्वास भरभर," दुसरा म्हणाला.

"तुला काय दिसतं?" सरांनी प्राचीला विचारलं.

"राग, सर."

"बरोबर," सर म्हणाले. "पण त्याच्यावर औषध लिहू नकोस." आणि काकूंना म्हणाले, "यांना टॉवेल दे, आणि चहा टाक."

पुढे प्राचीचा मोकळा दिवस गुरुवार ठरला. सकाळी ती मुलांना घेऊन भट्ट्यांवर जायची, आणि परतताना सरांचं डायलिसिस चालू असेल तर तिथे. हाताला नळ्या लावलेल्या, तशा खुर्चीत पडल्या पडल्या सर शिकवायचे. भट्टीवर काय दिसलं ते विचारायचे. प्राचीच्या अभ्यासाचे कागद त्यांनी तीन वेळा खोडून परत लिहायला लावले, आणि तिने खाली आभारात त्यांचं नाव घातलं ते या वेळी खोडलं नाही.

मनिषाशी ते बोलायचे, पण कामाचं. कुठल्या बाळाचं वजन वाढलं, कुठला रेसिडेंट आळशी. आपल्या घरातलं काही सांगत नसत, तिच्या घरातलं विचारत नसत. ती जायची, बसायची, निघताना वाकायची. पाय आखडून घेणं त्यांनी सोडलं होतं, पण डोक्यावर हात ठेवत नसत. ती स्कूटी चालू करताना दर वेळी ठरवायची की आज शेवटचं, आता येणार नाही. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायची. दिपिकाला दिवस गेले होते, भगवानचा नवीन ट्रक न्हावा शेव्याला लागला होता, मालूला दोन हंगामांची बोलावणी आली होती. हे सगळं सांगण्यासारखं होतं. ते तिने काकूंना सांगितलं, सर पलीकडच्या खोलीतून ऐकतील एवढ्या आवाजात.

पौष लागल्यावर सरांनी एकदा तिला जरा बस म्हणून सांगितलं. त्यांचा आवाज भागीसारखा फाटला होता.

"बरं केलंस, असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू, सर."

"मला ते हवं होतं."

"माहीत आहे, सर."

"पोरगी चांगली शिकवते पण." त्यांनी डोळे मिटले. "माझ्यापेक्षा कमी ओरडते. पोरांना ते लागू पडतं की नाही, बघत जा."

"बघते."

यापलीकडे त्यांचं बोलणं झालं नाही. मनिषा बाहेर आली. कपाटाचा वरचा खण अजून रिकामाच होता. काकूंनी त्यात पुन्हा काही लावलं नव्हतं. तिला वॉर्डात पोचायचं होतं. ती चपला घालून निघाली.

दिपिकाच्या डोहाळजेवणाच्या आदल्या आठवड्यात, भोगीच्या दिवशी सकाळी, डॉक्टर चारुदत्त गुप्ते पनवेलला आपल्या राहत्या घरी वारले.